पिंपात न वाकता लिहिलेलं 'निरंक'

रजिस्टर उघड. ताप: निरंक. जुलाब: निरंक. डासअळी आढळलेली भांडी: निरंक. मागच्या पानावर तेच. त्याच्या मागच्या पानावरही तेच. जुलै महिना, गावाला पाणी चार दिवसांआड, दारोदारी भरलेली पिंपं. मेडिकलवाला म्हणतो तापाच्या गोळ्या पुरत नाहीत. आणि तुझ्या गावात एक अळी नाही? कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकतोस?

एका तरी पिंपात वाकून पाहिलंस? बॅटरी मारलीस? पन्नास घरांच्या नोंदी एका शाईत, एका बैठकीत झाल्यात. अक्षरच सांगतंय.

आता कारणं सांगशील. घरं फार, माणसं कमी. खरं आहे. रिकाम्या जागांसाठी वर भांडणं माझं काम, ते मी करतोय. पण वीसच घरं झाली तर वीस लिही ना. कुलूप असेल तिथं 'बंद' लिही. कुणी हात धरला होता? म्हणे बायका भरलेलं पिंप ओतू देत नाहीत. का देतील? पुढचं पाणी शुक्रवारी. मग पिंपाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधायला सांग, अळी मारणारं ॲबेट टाक, मोठ्या हौदात गप्पी मासे सोड. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे प्रशिक्षणात फळ्यावर कुणी काढून दाखवलं? तूच. पिंप नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, हे बाकीच्यांना कुणी सांगितलं? तूच. ज्याला येत नाही त्याला मी दहादा समजावीन. तुला येतं, म्हणून संताप होतो.

म्हणतोस, 'डेंगी निघाला तर धुराची गाडी बोलावू.' धुरानं उडते डास मरतात. पिंपातल्या अळीचं काय वाकडं होतं?

बेलसर विसरलास? पुरंदर तालुका, जुलै २०२१. तापाचे रुग्ण वाढले, तसं कळवलं गेलं. पाच नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एनआयव्हीत गेले, तिघांना चिकुनगुनिया निघाला. मग पथक आलं, आणखी ४१ नमुने घेतले आणि त्यांत राज्यातला पहिला झिका सापडला. पोटातल्या बाळाला झिका काय करतो, तुला ठाऊक आहे. तिथं कुणी तुझ्यासारखं 'निरंक' लिहून मोकळं झालं असतं तर? तालुका, जिल्हा, पुणं, सगळे तुझ्याच रकान्यातून गाव बघतात. तू शून्य लिहिलंस की ताप उतरत नाही. पथक तेवढं दुसऱ्या गावी जातं.

आणि उपकेंद्रामागचा टायर? येताना पाहिला मी. पाण्यात अळ्या वळवळताहेत. भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर आणि नळापाशी साबणाचा तुकडा नाही. कुठल्या तोंडानं सांगणार आहेस लोकांना?

ऊठ. आधी तो टायर रिकामा करून आत टाक. मग या तीन पानांवर आडवी रेघ मार, 'रद्द' लिही, सही कर. उद्या सकाळी सातला खालच्या वस्तीपासून सुरुवात. मी बरोबर येतोय. बॅटरी आण, आणि तापाच्या घरी रक्त घ्यायच्या काचपट्ट्या विसरू नकोस.