निवडून उरलेलं

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. हात मांडीवर सैल सोडा. थोडा वेळ आपण एका बाईंच्या संगतीत राहणार आहोत. त्यांचं नाव फर्नांडा मोंतेनेग्रो. ब्राझीलची रंगभूमी आणि दूरचित्रवाणी त्यांना सत्तर वर्षांहून अधिक काळ पाहत आली आहे.

आधी डोळे मिटून फक्त ऐका.

१९४० च्या दशकातलं रिओ द जानेरो. उपनगरातल्या साध्या घरातली, १९२९ साली जन्मलेली आर्लेत नावाची मुलगी शिक्षण खात्याच्या रेडिओ केंद्रात मायक्रोफोनसमोर उभी आहे. वय पंधरा-सोळा. ऐकणाऱ्यांना तिचा चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत. राग, लाज, माया, सारं एका आवाजातून पोचवायचं. फर्नांडा मोंतेनेग्रो हे नाव तिनं पुढे स्वतःच घेतलं.

तुमच्या आसपासचा एखादा आवाज धरा. पंखा असेल, रस्ता असेल, तुमचाच श्वास असेल. त्यामागचा चेहरा शोधू नका. नुसता आवाज आत येऊ द्या.

१९५० मध्ये त्या रंगमंचावर आल्या, १९५१ मध्ये रिओच्या तुपी वाहिनीवर. तेव्हा दूरचित्रवाणीवरची नाटकं थेट प्रक्षेपित होत. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नव्हती. चुकीला सोबत घेऊनच पुढचं वाक्य बोलायचं. १९५९ मध्ये त्यांनी पती फेर्नांदो तोरेस आणि काही सहकाऱ्यांबरोबर ‘सातांचं थिएटर’ ही नाटक मंडळी उभी केली. नाटक, मालिका, चित्रपट. भूमिकांची रांग वाढत गेली.

त्या रांगेतल्या एका टेबलापाशी आता थांबू.

लिओन हिर्झमन यांचा १९८१ चा चित्रपट. कारखान्यात संप झाला आहे. मुलगा संप मोडून कामावर गेला आणि घर सोडून निघून गेला. बापाचा जिवाभावाचा सोबती गोळी लागून मेला. रोमाना ही आई, म्हणजे फर्नांडाबाई, टेबलावर घेवड्याचे दाणे पसरते. नवरा समोर बसतो. दोघं निवडू लागतात. चांगला दाणा इकडे, किडका तिकडे. कुणी बोलत नाही. मध्येच एकाचा हात दुसऱ्याच्या हातावर विसावतो. आणि पुन्हा दाणे.

तुम्हीही कधी धान्य निवडलं असेल. बोटांना ती चाल आठवते. आत्ता मांडीवरच्या बोटांना ती आठवू द्या. एवढं मोठं दुःख घरात असताना ती बाई जेवणाचे दाणे निवडते आहे. बोलणं तिनं बाजूला सारलं. उरले ते हात. आपल्याला रडू येतं ते त्या हातांमुळे.

श्वास सोडा. पुढे जाऊ.

१९९८. वॉल्टर सालेस यांचा ‘सेंट्रल दो ब्राझिल’. रिओच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात टेबल मांडून बसलेली दोरा, निवृत्त शिक्षिका. लिहिता न येणारी माणसं येतात, आपलं मन तिला सांगतात, ती पैसे घेऊन पत्र लिहिते. बरीच पत्रं ती टपालात टाकतच नाही. मग एका आई गमावलेल्या मुलाला बापाकडे पोचवताना ती हळूहळू वितळते. शेवटी परतीच्या बसमध्ये ती पत्र लिहिते, या वेळी स्वतःचं. या भूमिकेसाठी त्यांना बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, ऑस्करचं नामांकनही.

तुमच्या मनातलं एक न पाठवलेलं पत्र पाहा. उघडू नका. ते कुणाच्या नावाचं आहे, तेवढंच वाचा.

आणि आता शेवटची खुर्ची.

२०२४ चा ‘मी अजून इथेच आहे’. दिग्दर्शक पुन्हा सालेस. १९७१ मध्ये लष्करी राजवटीनं रुबेन्स पायवा यांना घरातून नेलं. ते परतलेच नाहीत. त्यांची पत्नी युनिस हिची भूमिका फर्नांडाबाईंची मुलगी फर्नांडा तोरेस करते. अखेरीस म्हातारी युनिस येते, ती आई. स्मृती विझलेली, भोवती लेकरं-नातवंडं, तोंडून शब्द नाही. टीव्हीवर बातमीत नवऱ्याचा फोटो दिसतो. डोळ्यांत काहीतरी हलतं. तेवढंच.

हे जरा जवळून पाहा. सुरुवातीला त्यांच्यापाशी चेहऱ्यावाचूनचा आवाज होता. नव्वदी ओलांडल्यावर आवाजावाचूनचा चेहरा आहे. मधली सगळी वर्षं त्या निवडत राहिल्या: हे ठेवायचं, हे बाजूला. दरवेळी हातात थोडं कमी उरलं आणि त्या थोड्यात अधिक माणूस मावला.

आता डोळे उघडा. आज कुणाशी बोलण्याआधी एक वाक्य उचलून पाहा. किडकं असेल तर बाजूला ठेवा. घाई नको. दाणे अजून टेबलावरच आहेत.