ठेवायची की काढायची?

माणसाचा प्रामाणिकपणा मोजायला ज्योतिषी किंवा ऑडिटर लागत नाही, डेंटिंग-पेंटिंगवाला पुरतो. फक्त एखादी जुनी गाडी घेऊन त्याच्यापुढे उभे राहावे लागते. मग तो एकच प्रश्न विचारतो आणि तुमची कुंडली उघडी पडते.

माझी गाडी म्हणजे २००८ सालची मारुती ओम्नी. ही जात १९८४ साली रस्त्यावर आली तेव्हा तिचे नावच 'मारुती व्हॅन' होते. ओम्नी हे बारसे १९८८ सालचे. २०१९ साली कंपनीने ती बनवणे थांबवले. दरम्यान हिंदी चित्रपटांतल्या समस्त अपहरणकर्त्यांची तिने निष्ठेने सेवा केली. (सरकता दरवाजा असल्यावर दुसरे काय होणार!) इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात चालकाला शेक फुकट. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला तर मालमत्तेची किंमत कधीच शून्य होत नाही, असे आम्हाला बी. कॉम.ला शिकवले होते. त्या सिद्धांतावर विश्वास ठेवूनच मी ती विकायला काढली.

पण विकायची तर रंग हवा. पिंपळे सौदागरात, कोकणे चौक ते शिवार चौक, ज्या चकचकीत गाड्या उभ्या असतात त्यांच्यात आमची व्हॅन लग्नाच्या मांडवात स्लीपर घालून आलेल्या काकांसारखी दिसायची. बजेट पंधरा हजार. रंग पांढराच, कारण आरसीवर तो लिहिलेला असतो आणि बदलला की आरटीओत नोंद करणे आले. बँकेत दिवसभर इतरांना फॉर्म भरायला लावणारा माणूस स्वतः फॉर्म भरायला फार घाबरतो.

काळेवाडीच्या मिस्त्रीने गाडीभोवती फिरत बोटाच्या पेराने टकटक केली. पत्रा असेल तिथे 'टण्', जुनी लांबी असेल तिथे 'थप्'. मागच्या बाजूला बराच वेळ 'थप् थप्' चालले. मग त्याने तो प्रश्न टाकला, "साहेब, ठेवायची की काढायची?"

"रंगाचा त्याच्याशी काय संबंध?"

"ठेवायची असंल तर सडका पत्रा कापून नवा जोडतो, मग लांबी, प्रायमर, रंग. पंचवीस हजार. काढायची असंल तर भोकावर लांबी भरून हात मारतो. चौदा. वर्षभर फुगत नाही."

"आणि वर्षानंतर?"

"तवा तुमची कुठंय?"

आता आली का पंचाईत! मर्कंटाइल लॉच्या पेपरात मला जेमतेम पासापुरते मार्क होते, पण १८७२च्या करार कायद्याचे सतरावे कलम लक्षात राहिले आहे, कारण त्यात एक घोडा आहे. लिलावात कोणी खोड असलेला घोडा विकला आणि गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणे त्याचे कर्तव्य. म्हणजे परक्याला घोडा, पोरीला सत्य! पण त्याच कलमात दुसरेही आहे : गप्प बसणे वेगळे आणि ठाऊक असलेली गोष्ट हाताने झाकणे वेगळे. ती सरळ फसवणूक. थोडक्यात, गंज दाखवत गप्प बसलो तर मी सज्जन, त्यावर लांबी फासली तर लबाड.

तुम्ही म्हणाल, मग दिवाळीत भिंती रंगवू नयेत? केसांना कलप लावू नये? ३१ मार्चला ताळेबंद नीटनेटका करू नये? करावा की! रंग कोणाला फसवत नाही. तो एवढेच म्हणतो की, 'मला रंग दिला आहे.' भोकावरची लांबी मात्र म्हणते, 'इथे पत्रा आहे.'

आणि गिऱ्हाईक कोण, तर हिंजवडीच्या कंपन्यांत डबे पोचवणारा एक पोरगा. डबे ठेवणार नेमके त्या सडक्या तळावर. वर तो म्हणालेला, "काका, तुम्ही बँकेत आहात, म्हणजे बघायचं कामच नाही." झाले! घोडा विकता विकता मला सज्ञान मुलगी झाली.

शेवटी तळाचा आणि दाराखालचा पत्रा कापून नवा लावून घेतला. बाजू रंगवल्या, काचांचे रबर न काढता वर्तमानपत्र चिकटवून. टप तसाच ठेवला. तो फक्त बाराव्या मजल्यावरून दिसतो. एकूण सोळा हजार. पोराला नवा पत्रा दाखवला, टपाचेही सांगितले. पत्र्याबद्दल तो काहीच बोलला नाही. टपाबद्दल मात्र लगेच दोन हजार कमी केले.

मिस्त्री अजून भेटला की विचारतो, "साहेब, टपाचं कशाला सांगितलं? तो काय शिडी घेऊन येणार होता?"