पुंजी आणि मिळकत

लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले जे. सी. कुमारप्पा पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. भारत गरीब का, याचं उत्तर त्यांनी सरकारी जमाखर्चात शोधलं. मग गांधीजी भेटले. १९२९-३०मध्ये गुजरातेतल्या मातर तालुक्याची पाहणी करताना हाच हिशेबनीस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचं उत्पन्न, कर्ज, शेतसारा मांडू लागला.

वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी नि हातकागदात ते रमले, पण हिशेबाची नजर कायम राहिली. कोळसा, पेट्रोल ही पुंजी. उपसली की संपते. नदी, जंगल ही मिळकत. जपली तर पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

आज नळ सोडताना मनाला विचारू या: आपण मिळकतीवर जगतोय, की नातवंडांची पुंजी खातोय?