विश्वासाची ठेव

दुसऱ्याचे पत्र फोडू नये, हा संस्कार आपल्या घरांत पूर्वापार आहे. परंतु स्वतःस आलेले पत्र इतरांस दाखवावे की नाही, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आज दोन प्रौढ माणसे आपले अंतरंग, क्वचित आपली छायाचित्रेही, मोबाईलवरून परस्परांच्या स्वाधीन करतात. म्हणून हा प्रश्न निकडीचा झाला आहे. संदेश वाटेत कोणास वाचता येऊ नये म्हणून व्हॉट्सॲप त्यास सांकेतिक कुलूप घालते खरे. पण ते कुलूप घेणाऱ्याच्या हाती उघडते. तेथून पुढे राखणदार एकच, त्याची सचोटी.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी १९३९ साली हर्मन कॅलनबाख हे गांधीजींचे आफ्रिकेतील जिवलग स्नेही येऊन राहिले होते. कॅलनबाखांची पत्रे अन्य कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, हीच त्यांची इच्छा असे मानून गांधीजींनी ती नष्ट केली, असे चरित्रकार जोसेफ लेलिव्हेल्ड सांगतात. गांधीजींची पत्रे मात्र कॅलनबाखांनी प्रेमाने जपली. ती वारसांकडे गेली आणि २०१२ साली लंडनमध्ये लिलावाच्या दारी पोहोचली. भारत सरकारने ती लिलावापूर्वीच विकत घेतली. जपणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी जपलेली वस्तू त्याच्या हेतूहून अधिक जगते. मग ज्या वस्तूच्या क्षणार्धात हजार प्रती निघतात, तिची काय कथा!

धनवानांनी स्वतःस संपत्तीचे मालक न मानता विश्वस्त मानावे, असे गांधीजी सांगत. आमच्या मते हे तत्त्व धनापेक्षाही या ठेवीस अधिक लागू पडते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ७७वे कलमही हेच जाणते: स्त्रीने आपले खाजगी चित्र टिपण्यास संमती दिली, म्हणून ते तिसऱ्यास दाखविण्यास ती मिळत नाही, तसे दाखविणे हा अपराध होय.

“मुळात पाठवावेच कशाला?” असे वडीलधारी मंडळी विचारतील. सावधपणाचा उपदेश योग्यच आहे. परंतु ठेव बुडाल्यावर ठेवणाऱ्यासच दटावणे आणि बुडविणाऱ्याविषयी मौन धरणे, हा न्याय नव्हे. अशा मौनामुळेच फसवलेली व्यक्ती घरी तोंड उघडत नाही आणि धमकी देणाऱ्याचे फावते.

स्नेह तुटू शकतो. त्यात नेहमीच कोणाचा दोष असतो असे नाही. परंतु स्नेहाच्या भरात हाती आलेली ठेव स्नेह तुटल्याने आपली होत नाही. उलट, राखण्यास प्रेमाचे बळ उरत नाही, तेव्हाच विश्वस्ताची खरी परीक्षा सुरू होते.