राखून ठेवलेला टॉर्पेडो

२४ जुलै १९४३. प्रशांत महासागरात, ट्रुक बेटांच्या परिसरात अमेरिकेच्या ‘टिनोसा’ पाणबुडीला सावज दिसलं: ‘तोनान मारू क्रमांक ३’, १९ हजार टनांचं जपानी जहाज. कप्तान डॅन डॅस्पिट यांनी आधी लांबून सहा टॉर्पेडो सोडले. जहाज लंगडलं, थांबलं, पण बुडेना. मग त्यांनी पाणबुडी जहाजाच्या कुशीसमोर, ८०० मीटरवर, अगदी काटकोनात आणली. याहून सोपा नेम कुठला? एकेक करत नऊ टॉर्पेडो सुटले. डॅस्पिट पेरिस्कोपला डोळा लावून पाहत होते. टॉर्पेडो जाऊन आदळत होते आणि एकही फुटत नव्हता.

पाणबुडीत एकच टॉर्पेडो उरला. समोर अर्धमेलं जहाज, वरून तोफांचा मारा. अशा वेळी हात शिवशिवणारच. डॅस्पिटनी तो सोडला नाही, तपासणीसाठी तळावर परत नेला. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं धाडस मला हेच वाटतं.

कारण युद्धाच्या सुरुवातीपासून अशा तक्रारींना शस्त्रविभागाचं उत्तर ठरलेलं असे: नेम चुकला असेल. हा मार्क १४ टॉर्पेडो त्यांचा लाडका. एकाची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात, म्हणून खरी दारू भरून तो उडवून पाहायला त्यांचा हात धजावत नसे. त्याच्या गुप्त चुंबकी स्फोटयंत्रणेची १९२६ साली एका जुन्या पाणबुडीवर दोनदा परीक्षा झाली होती. एकदा फुटला, एकदा नाही. तेवढ्यावर काम भागलं.

जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तळावर अॅडमिरल लॉकवूड यांनी साधं कोळ्याचं जाळं समुद्रात लावलं आणि त्यावर टॉर्पेडो सोडले. जाळ्याला पडलेली भोकं बोलली: ते ठरवल्यापेक्षा तीनेक मीटर खालून जात होते. खोली राखणारं यंत्र आणि त्याची तपासणी करणारं उपकरण, दोघांना एकच खोड होती, म्हणून कारखान्यात हिशेब जुळत होता. खोली सुधारली, तर चुंबकी यंत्रणेचा दगा उघड झाला. जून १९४३ मध्ये तीही बंद केली. उरली फक्त आदळल्यावर फुटण्याची साधी पिन, आणि ‘टिनोसा’ची गाठ तिच्याशीच पडली.

डॅस्पिटनी आणलेला टॉर्पेडो तज्ज्ञांनी तपासला. त्यात काहीच बिघाड नव्हता! बाकीच्यांसारखाच तो होता. मग लॉकवूडनी हवाईच्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर खरे टॉर्पेडो सोडायला लावले. दोन फुटले, तिसरा नाही. तो जिवंत टॉर्पेडो पाण्यातून वर काढण्याची जोखीम माणसांनी पत्करली. पाठोपाठ क्रेनवरून, २७ मीटर उंचीवरून, दारू नसलेले टॉर्पेडो पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले. सरळ आदळले की दहांपैकी सात निकामी, पत्रा तिरपा ठेवला की त्याच्या निम्मेच. सरळ धडकेच्या जोराने जड पिन आपल्या खाचेत घासून अडकत होती. नेम जितका अचूक, तितका टॉर्पेडो फुसका.

पर्ल हार्बरच्या कार्यशाळेत हलक्या धातूच्या पिना घडवल्या गेल्या. तोवर युद्धाचे एकवीस महिने उलटले होते.