कार्ड कोणाकडे?

भाऊ : ताई, माझं एटीएम कार्ड दे. पगार माझा आहे.

ताई : काय हवं ते सांग, आणून देते. कार्ड देणार नाही.

भाऊ : म्हणजे मी वेडा ठरलो?

ताई : वेडा कशाने? पण गाडीवरून पडलास तेव्हा मार कपाळामागच्या भागाला बसला. आता बस, असं माणसाला आतून सांगणारा भाग तोच. पहिला पेग तू ठरवून घेशील. तिसरा कोण ठरवणार?

भाऊ : बारमधल्या कोणाला तरी हे विचार. त्यांची कार्डं कोणी काढून घेत नाही.

ताई : त्यांना तुझ्यासारखी फिट येण्याची भीती नाही. दारूने ती वाढते. फिटच्या गोळीवर प्यायलास की गुंगी आणखी चढते. तोल तुझा अजून जातो; पुन्हा पडलास तर? मेंदू नवे जोड बांधतोय, त्याला झोप हवी, आणि दारू नेमकी झोपच मोडते.

भाऊ : सगळं पाठ आहे मला. कळूनही प्यायचं ठरवलं तर? २०१७चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून माणूस असमर्थ ठरत नाही.

ताई : ते उपचारांच्या निर्णयाबद्दल.

भाऊ : तत्त्व तेच.

(भावाच्या या मुद्द्याला उत्तर देणं मला सोपं वाटत नाही. अशा दुखापतीनंतर माणूस नीट वाद घालतो, धोके घडाघडा सांगतो आणि संध्याकाळी त्याच्या हातून उलटंच होतं. घरच्यांना वाटतं, हा फसवतोय. पण कळणं आणि आवरणं ही मेंदूची निरनिराळी कामं आहेत. एक शाबूत राहून दुसरं मोडू शकतं.)

ताई : सकाळी तूच म्हणालास, संध्याकाळी मागितलं तरी देऊ नकोस. कोणाचं ऐकू?

भाऊ : आत्ता मागतोय तोही मीच.

ताई : हो, तूच. पण सकाळी तुला संध्याकाळची काळजी असते. संध्याकाळी तुला उद्याची सकाळ दिसतच नाही. म्हणून मी सकाळचं धरते.

भाऊ : आणि उद्या सकाळीच म्हणालो, कार्ड कायमचं परत दे?

ताई : देईन.

भाऊ : मी पिणार हे माहीत असून?

ताई : हो. भांडेन, रडेन, पण देईन. फक्त एका सकाळी मागून चालणार नाही. आठवडाभर रोज सकाळी माग, आणि शेवटच्या दिवशी डॉक्टरांसमोर.