माघार

माघार या शब्दास आपल्या भाषेंत मान नाहीं. पुढें टाकलेलें पाऊल मागें घेऊं नये, असें आपण मुलांस शिकवितों. आणि ज्यानें तें मागें घेतलें त्यानें कच खाल्ली, शेपूट घातली, असें सहज म्हणून जातों. तथापि मागें फिरणें हें नेहमींच भित्रेपणाचें आणि पुढें जाणें हें नेहमींच धैर्याचें लक्षण असतें काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आमच्या मनांत तो पुस्तक वाचतांना उत्पन्न झाला नाहीं. कमरेइतक्या पाण्यांत उभे असतांना झाला. म्हणून तो प्रसंग प्रथम सांगतों.

ज्याच्या नांवावरून सारा जिल्हा १९८१ पर्यंत ओळखला जाई, तो कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर सुमारें मैलभर अंतरावर समुद्रांत उभा आहे. ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. भरतींत होडीवांचून गति नाहीं. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या ठाण्यावर चढाई केली ती फसली. तटाइतकाच या चढउताराच्या पाण्याचाही आधार अशा किल्ल्यास असतो. त्या पाण्याचें वेळापत्रक किनाऱ्यावरचीं माणसें तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें. तेव्हां पाणी अधिक चढतें आणि अधिक वेगानें चढतें.

पंचवीस वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांतील एका द्वितीयेस चार विद्यार्थ्यांसह आम्ही सकाळच्या ओहोटींत किल्ल्यावर गेलों. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजतां भरती पूर्ण व्हावयाची, आणि आम्हांस नऊ-साडेनऊच्या आंत परतावयास हवें होतें. हा हिशेब मुलांना आम्हींच समजावून दिला होता. परंतु राघोजी आंग्र्यांच्या काळांतलें गणपतीचें देऊळ, खाऱ्या समुद्रांतली ती गोड्या पाण्याची विहीर, तटावरच्या तोफा हें सर्व पाहतां पाहतां, आणि त्यावर बोलतां बोलतां, साडेदहा वाजले. बारा वाजतां गांवांतील एका सभेंत आमचें भाषण होतें. त्या दिवशीं होडी नव्हती.

किल्ल्याच्या दाराशीं, नवस फेडण्यास आलेली एक वृद्ध कोळीण सावलींत बसली होती. ती म्हणाली, “दादा, पाणी भरलं. आतां सांजच्याला जावा.” आम्हीं हंसून म्हटलें, “गुडघाभर तर आहे, मावशी.” ती पुढें कांहीं बोलली नाहीं. जिचा सारा जन्म या पाण्याशेजारीं गेला ती सायंकाळपर्यंत बसावयास तयार होती. आणि सुटींत कधीं तरी समुद्र पाहणारे आम्ही निघालों.

किनारा स्वच्छ दिसत होता, आणि फसवणूक नेमकी तेथेंच होती. डोळ्यांना जें जवळ दिसतें तें पायांनाही जवळ आहे असें वाटूं लागतें. निम्म्या वाटेवर पाणी कमरेस लागलें. पायाखालची वाळू सरकूं लागली. तोंच सर्वांत मागचा मुलगा हलक्या आवाजांत म्हणाला, “सर, मला पोहतां येत नाहीं.”

त्या क्षणीं आमच्या मनांत पहिला विचार आला तो लिहावयास लाज वाटते. निम्मी वाट झालीच आहे, आतां मागें कशाला, असा तो विचार होता. दिसावयास तो हिशेबासारखा दिसतो. पण त्यांत हिशेब मुळींच नाहीं. मागचें पाणीही चढत होतें खरें, पण त्याचा तळ आम्ही नुकताच तुडविला होता. पुढें काय आहे तें आम्हांस ठाऊक नव्हतें. चाललेली निम्मी वाट ही उरलेल्या निम्म्या वाटेची हमी नव्हे. मनुष्य व्यापारांत, वादांत, मुलांच्या शिक्षणांत, फार काय लग्नसंबंधांतही, याच एका वाक्यानें बुडतो: इतकें झालें, आतां मागें कशाला?

आम्ही हात धरून मागें फिरलों. परततांना तो मुलगा एकदां घसरला, डोक्यावरून पाणी गेलें. दोघांनीं त्याचे दंड सोडले नाहींत म्हणून तो वर आला. सभा अर्थातच आमच्यावांचून झाली किंवा मोडली. दिवसभर आम्ही तटाखालीं बसून होतों, आणि त्या दिवसभरांत जें मनांत आलें तेंच येथें मांडावयाचें आहे.

प्लेटोच्या ‘लॅकिस’ नांवाच्या संवादांत धैर्य म्हणजे काय याची चर्चा आहे. लॅकिस हा सेनापति प्रथम म्हणतो कीं, जो आपली जागा सोडीत नाहीं आणि पळत नाहीं तो धीर. यावर सॉक्रेटीस त्यास सिथियन लोकांची आठवण देतो. ते मागें हटतां हटतांच लढत. पुढें तो असेंही विचारतो कीं, पाण्यांत बुडी मारण्याची कला ज्यास येते त्यापेक्षां ती न येतां जो विहिरींत उतरतो तो अधिक धीर मानावयाचा काय? लॅकिस अडखळतो, आणि संवाद व्याख्येवांचूनच संपतो. मौज अशी कीं, याच लॅकिसनें आरंभीं सॉक्रेटिसाची जी वाखाणणी केली ती ख्रिस्तपूर्व ४२४ मधील डेलियमच्या लढाईंतील त्याच्या वर्तनाबद्दल. आणि डेलियमहून तर अथीनियन सैन्य माघार घेत होतें!

हा संवाद आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविला होता. तरीही पाण्यांत पाय घालतांना आम्हांस वाटलें तें धैर्य नव्हतें. सभेंत लोक काय म्हणतील, चार मुलांपुढें मास्तर घाबरला असें दिसेल, ही भीति होती. समुद्राचें भय लहान होतें आणि लोकांचें भय मोठें होतें, इतकेंच. मोठ्या भयानें लहान भयास गिळलें, आणि त्या गिळण्यास आम्ही निर्भयपणा समजलों. अनेक साहसांच्या पोटांत असेंच दुसरें एखादें भय दडलेलें असावें.

पण याहूनही अधिक टोंचते ती गोष्ट दुसरी. तो मुलगा किल्ल्याच्या दाराशीं कां बोलला नाहीं? पोहतां येत नाहीं हें त्यास तेथेंही ठाऊक होतें. तो बोलला नाहीं, कारण आम्ही हंसलों होतों. पुढाऱ्यानें हंसून पाण्यांत पाय घातला म्हणजे मागच्यांचा भिण्याचा हक्कच नाहींसा होतो. एकटा मनुष्य स्वतःचा जीव धोक्यांत घालतो तेव्हां त्यास शूर म्हणावें कीं वेडा म्हणावें हा वाद आहे. ज्याच्या मागें चार माणसें चालतात त्याच्याविषयीं असा वाद नाहीं. माघार घेण्याचा पहिला अधिकार त्याचाच असतो, कारण इतरांना ती घेतां येत नाहीं; आणि म्हणून तें त्याचें पहिलें कर्तव्यही होय. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं तेवीस किल्ले मोगलांस दिले. त्या दिवशीं तें पाऊल मागें होतें. १६७४ चा रायगडावरचा अभिषेक ज्यांस पाहावयास मिळाला, त्यांना तें कोणत्या दिशेचें होतें हें कळलें असेल.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें जरूर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीच्या पुरांत महामार्गावरचा जुना दगडी पूल कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्यांसह कांहीं वाहनें नदींत गेलीं. त्या उतारूंस अविचारी म्हणणें हा अन्याय होईल. त्यांनीं पाण्यांत पाय घातला नव्हता. पूल पूल आहे यावर विश्वास ठेवला होता, आणि तेवढ्या विश्वासावांचून कोणाचेंच जगणें चालत नाहीं. मात्र त्याच रात्रीं, पूल गेल्याचें ध्यानांत येतांच, जवळच्या एका माणसानें येणाऱ्या गाड्या थांबविल्या. त्यानें नदी ओलांडली नाहीं. दुसऱ्यांना ओलांडूं दिली नाहीं. जें कळण्यासारखें नसतें त्याचा दोष कोणावर नाहीं. जें सांगितलें असतांही ऐकलें जात नाहीं त्याचा आहे. सावित्रीच्या कांठीं सांगणारा उभा होता आणि लोकांनीं ऐकलें. आम्हांसही सांगणारी दाराशींच बसली होती.

सायंकाळीं सहाच्या सुमारास पाणी उतरलें. ती कोळीण उठली, पदर खोंचला आणि ओल्या वाळूवरून चालूं लागली. आम्ही पांचजण तिच्या मागून निघालों. सकाळच्या गोष्टीचा तिनें उल्लेखही केला नाहीं. त्या मुलाचे वडील दुसऱ्या दिवशीं भेटले, आणि सहल कशी झाली असें त्यांनीं विचारलें. सर्व हकीकत सांगावयास आम्हांस जो धीर करावा लागला, तो सकाळीं पाण्यांत शिरण्यास लागलेल्या धीराहून पुष्कळ अधिक होता. त्यानंतर मुलांना घेऊन नदीकांठीं वा समुद्रकांठीं जातांना आम्ही एक गोष्ट नेमानें करतों. निघण्यापूर्वीं सर्वांस एकत्र बसवून आम्हांस पाण्याची भीति वाटते हें प्रथम आपण होऊन सांगतों, आणि मग विचारतों, कीं आणखी कोणास वाटते.